साठ फूट वायर

मंचावर चार माइक, चौघांना.
खाली एक, साडेतीनशे जणांना.
तो माझ्या हातात.
ओरोसच्या सभागृहात वीजदरवाढीची जनसुनावणी,
आणि मी रामेश्वर साउंड सर्व्हिस,
प्रोप्रायटर आणि हमाल एकच.

कॉर्डलेस कुणी सांगितला नव्हता. कोटेशनमध्ये बसत नव्हता.
माझी वायर साठ फूट.
शेवटून तिसऱ्या रांगेशी ताणून उभी राहते
दाव्याचा हिसका बसलेल्या वासरासारखी.
त्याच्या मागचे लोक
पुढे येऊन बोलतात, किंवा येत नाहीत.

टोकन एक ते एकोणचाळीस.
हरकत लेखी हवी, सहा प्रतींत, मुदतीच्या आत.
मूळ याचिका इंग्रजीत, उशीएवढी जाड,
मराठी सारांश खिडकीवर, पैसे भरून.
नोटीस पेपरात आली होती म्हणतात.
आली असेल. आमच्याकडे पेपर दुपारच्या गाडीने येतो
आणि संध्याकाळी त्यात सुके बांगडे बांधले जातात.

माइक कसा धरतात त्यावरून मला माणूस कळतो.
काजू कारखान्याचे मालक हनुवटीला लावून, आकडे तोंडपाठ.
बँकेतून निवृत्त झालेले प्रभुखानोलकर
हातभर लांब, जणू तापलेलं पातेलं.
कोळंबीवाल्यांचा वकील टकटक करतो, फुंकर मारतो,
माझ्या जिवावर येतं.
स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन.
तीन मिनिटं झाली की घंटी.
मंचावरचे मान हलवतात, नोंद घेतली म्हणतात,
पाणी पितात.

माझा दर सहा वर्षं तोच आहे.
वाढवायचा म्हटलं तर सुनावणी घरातच होते
आणि मीच हरतो.

पाचला संपलं. आभार झाले.
कोपर आणि अंगठ्याच्या बेचक्यात वायर गुंडाळायला घेतली,
तेव्हा दारात ती.
प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बिलं.
हवालदाराने ती दोनदा उघडायला लावलेली.
"झाला काय सगळा? तळाशिलसून इलंय.
कसालाक दुसरी एस्टी गावाक नाय."
टोकन?
"ता काय?"
हरकत दिलीय?
"हरकत आसा ना माझी, म्हणान तर इलंय."

मंचावर फुलदाण्या उरल्या होत्या
आणि नावांच्या पाट्या गोळा करणारा एक कारकून.
का ते सांगता येणार नाही,
मी वायर उलटी सोडली.
बटण दाबलं. हिरवा दिवा.

"ह्या चालू आसा?"
आसा, म्हटलं.

"मी सत्यवती कुबल.
मीटर घोवाच्या नावार. घोव मेलो, मीटर चालू आसा.
फॉर्मार लिवलेला, ग्राहकान सही करूची.
तो खंयसून करतलो?
लायटीचो दर वाढलो की बर्फाची लादी म्हाग.
आणि मासळेचो दर गिऱ्हाईक ठरयता.
माझ्या वाटचो दर कोण वाढयतलो?
इतक्याच सांगूचा होता."

खुर्च्या रचणारी पोरं थांबली होती.
वायर जिथे पोचत नाही तिथे आवाज पोचला,
मागच्या रांगा ओलांडून व्हरांड्यात,
तिथून खाली, फणसाच्या सावलीतल्या गाड्यांपर्यंत.
त्यांतली एक, काचा वर केलेली,
वळून निघाली.

अहो, रेकॉर्डिंग बंद आहे, कारकून म्हणाला.
तिने माइक परत दिला,
पदराने पुसून.

रात्री बिल लिहायला बसलो.
वेळ: सकाळी दहा ते सायंकाळी पाच.
मग पाच खोडलं,
पाच वाजून वीस केलं.
वीस मिनिटांचे पैसे लावले नाहीत.
पण कागद फायलीला लागेल,
वर शिक्का बसेल,
आवक नंबर पडेल.